चार दातांचा कौल

लवू मयेकराचे पुढचे चार दात पंधरा वर्षं हलणार नाहीत, ही बातमी ज्याला ठाऊक नव्हती असा माणूस वाडीत शोधायचा तर तो पाळण्यातच सापडला असता. एसटीच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत, कुणाच्या साखरपुड्यात, कुठंही उभा राहिला की लवू वरचा ओठ उचलून दाखवायचा. "ब्रिज म्हणतात ह्याला. मधले दोन नवे, बाजूचे दोन माझेच, त्यांच्यावर टोप्या. चारी एकात एक. पंधरा वर्षां बघायला नको." एकदा मयताच्या घरी समाचाराला गेला आणि तिथं म्हणाला, "माणसाचा काय खरा नाय बघा. पण ह्यांचा हाय."

एवढा उत्साह कशाला, दातच ते, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दातांवर तीन पिढ्यांचा मान टांगलेला होता.

आमच्याकडे शिमग्यात देवळात गाऱ्हाणं घालतात. सगळ्या गावानं हात जोडून उभं राहायचं, एकानं पुढं होऊन देवाशी खड्या आवाजात बोलायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हा बोलायचा मान मयेकरांचा. लवूच्या आज्यानं घातलं, बापानं घातलं, आणि तीस वर्षं बोटीवर काढून, खलाशांचा म्होरक्या म्हणजे सारंग होऊन, मग घरी बसलेल्या लवूनंही घातलं. आवाज असा की गाऱ्हाणं सुरू झालं की खाडीपलीकडचे लोक तिथल्या तिथं हात जोडायचे.

मग २००१ च्या नारळी पुनवेला लवूनं पैज लावून दातानं नारळ सोलला. नारळ सोलला गेला, पण पुढचे दोन दात त्याच्याबरोबर गेले.

त्यानंतरच्या शिमग्यात गाऱ्हाण्याला जी शिट्टी लागली ती काही विचारू नका. "देवा म्हाराजा" पर्यंत ठीक होतं, पण "सगळ्यांना सुखासमाधानात सांभाळ" आलं आणि पोरं खांबाआड बसून तोंडं दाबायला लागली. त्यात त्या वर्षी आंबा कमी आला. ते धरून बसला महिपत. महिपत म्हणजे लवूचा शेजारी, शाळेतला बाकावरचा जोडीदार, चाळीस कलमांचा मालक आणि देवाच्या बाबतीत फार कडक माणूस. गावच्या बैठकीत त्यानं शांतपणे सांगितलं, "गाऱ्हाणा देवाला अर्धाच कळला, म्हणून आंबा अर्धाच लागला. पुढल्या शिमग्यात देवालाच विचारूया. गाऱ्हाणा लवूनं घालायचा का मी."

बैठकीनं माना डोलावल्या. लवू घरी आला आणि बायकोला म्हणाला, "मालन, उद्या रत्नागिरी."

रत्नागिरीतली दातांची डॉक्टर मनस्विनी वयानं त्याच्या मुलीएवढी, पण बोलणं कॅप्टनचं. तीन खेपांनंतर तिनं ब्रिज बसवला आणि बोट उभं करून सांगितलं, "काका, नीट ऐका. ब्रिज साधारण दहा वर्षं टिकतो, सांभाळलात तर पंधरासुद्धा. हे पोर्सेलीन किडत नाही. पण टोप्यांच्या आतले दोन दात तुमचेच आहेत, ते किडतात. ते गेले की ब्रिज गेला. म्हणून दोनदा घासायचं, ब्रिजखालून रोज दोरा फिरवायचा, टणक आणि चिकट पुढच्या दातांनी तोडायचं नाही. आणि आज मी हा तात्पुरत्या सिमेंटनं बसवलाय. बोलून बघा, जेवून बघा. आठ दिवसांनी या, मग पक्का करते."

लवूच्या हातात आरसा होता. तो आरशाकडे बघून हळूच म्हणाला, "सगळ्यांना सुखासमाधानात सांभाळ." शिट्टी नाही. पुन्हा म्हणाला. नाही म्हणजे नाहीच. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं डॉक्टरणीच्या डोक्यावर हात ठेवला. "बाय, तुझा भला होईल."

आठ दिवस गेले. ब्रिज इतका झकास बसला होता की लवूला वाटलं, आता परत जायचं म्हणजे बसलेलं उठवायचं. "बोटीवर एकदा रंग धरला की त्याला कोन नख लावत नाय," तो मालनला म्हणाला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा त्यानं तिच्याकडून सांगवलं, हे मुंबईला गेलेत. दुसऱ्या फोनलाही मुंबईच. तिसऱ्या वेळी मालन फोनवर "अजून आले नायत" म्हणत होती आणि मागच्या पडवीत हा गाऱ्हाण्याचा सराव करत होता. तिकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज छान येतोय मुंबईतून."

ही एक गोष्ट सोडली तर लवूसारखा पेशंट जिल्ह्यात झाला नसेल. सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून दात घासायचा. डॉक्टरणीनं दिलेला दोरा संपल्यावर त्यानं मासे पकडायची बारीक तंगूस घेतली आणि ती ब्रिजखालून अशी फिरवायचा की मालन म्हणायची, "गळाला काय लागला तर सांगा, कालवणाला वाटप घालते." घरातली सुपारी गेली, चिकी गेली, मालनचे कडक लाडू वरवंट्याखाली फुटून पीठ होऊन त्याच्यापुढं यायचे. आणि फणसपोळी! वर्षभर फणसपोळीवर जगणारा माणूस तिच्या डब्याकडे पाठ करून बसायला लागला. "पंधरा वर्षां," तो म्हणायचा आणि भाताची पेज प्यायचा.

असा नऊ महिन्यांनी शिमगा आला.

सकाळी देवळासमोर माणसं जमली होती. पालखी सजत होती. महिपतनं घरून फणसपोळी आणली होती, ती सगळ्यांना वाटत तो लवूपाशी आला आणि हात आखडता घेतला.

"ऱ्हाव दे. तुला चालायचा नाय."

"कोन म्हणतो?"

"डॉक्टरीण म्हणते ना. काचेचे दात ते. आपलं गाऱ्हाणा होईपर्यंत तरी जप."

चार माणसं हसली. चारच हसली, पण लवूला ती चारशे वाटली. त्यानं फणसपोळीचा भला जाड तुकडा उचलला, पुढच्या चारी दातांत धरला आणि सगळ्यांच्या देखत ओढला. फणसपोळी ताणली गेली, आणखी ताणली गेली, पण तुटायचं नाव घेईना. मग तोंडात काहीतरी टच्‌ झालं. लवूनं तोंड मिटलं, मान डोलवली, हातानंच "मस्त" अशी खूण केली आणि झपाझप घरी निघाला.

घरी येऊन त्यानं ओंजळीत तोंड मोकळं केलं. फणसपोळी, आणि तिला चिकटून चारी दात.

मालननं बघितलं. मग म्हणाली, "रत्नागिरीला फोन करा."

फोन वाजत राहिला. सणाच्या दिवशी दवाखान्यात कोण बसणार? गाऱ्हाणं चार वाजता, आणि घड्याळात अकरा वाजलेले.

"मंग महिपतभावजी घालतील ह्या वर्षी," मालन म्हणाली.

"नाय," लवू म्हणाला, आणि त्या एका शब्दालासुद्धा वारा लागला. "बापानं मरताना मना काय दिला? घर दिला नाय, कलमां दिली नाय. येवढा मान दिला. तो मी महिपतच्या हातात देऊ?" हे बोलताना तो रडायच्या बेतात होता, म्हणून मालन गप्प बसली. तिथंच तिचं चुकलं. कारण गप्प बसलेल्या बायकोचा अर्थ लवू नेहमी होकार असा घ्यायचा.

त्याचं लक्ष परसातल्या फणसाकडे गेलं. झाडाला कोवळ्या कुयऱ्या धरल्या होत्या. आणि फणसाच्या चिकानं आमच्याकडे काय काय सांधलेलं नाही? फुटकं मडकं, सुपाची कड, लवूच्या बापानं तर होडीची चीर बुजवली होती. जो चीक खाडीच्या पाण्याला दाद देत नाही तो लाळेला काय देणार? लवूनं कोयतीनं कुयरीला टोचा दिला, पांढराफेक चीक करवंटीत धरला, दोन्ही टोप्यांमध्ये गच्च भरला, ब्रिज जागेवर बसवला आणि बोटीवरच्या शिस्तीनं दात दाबून धरले. तीनशेपर्यंत मोजले. मग खात्रीला म्हणून आणखी दोनशे.

मग तो घरात आला आणि मालनला हाक मारायला गेला.

"म्म्म्."

"काय?"

"म्म्म् म्म्!"

चीक भरला होता तो टोप्यांमधून उतू जाऊन खालच्या दातांवर आला होता. वरची पंगत खालच्या पंगतीला कडकडून भेटली होती आणि सोडायला तयार नव्हती. लवूनं दोन्ही हातांनी हनुवटी ओढली. मालननं ओढली. मग मालन मट्कन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता खोबरेलाची बाटली शोधायला उठली. फणसाच्या चिकाला उतारा एकच, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. तिनं तेल कोमट केलं, नवऱ्याला ओट्यावर आडवा केला आणि बोटानं ओठाआड तेल चोळत बसली. एक वाजला, दोन वाजले. लवू छताकडे बघत होता आणि अर्धी बाटली तेल त्याच्या पोटात चाललं होतं.

तीनच्या सुमारास तोंड सुटलं. ब्रिज जागेवरच होता. पण चिकाचा आता लोण्यासारखा लगदा झाला होता आणि दात त्याच्यावर तरंगत होते. जिभेनं हळूच लोटले तर पुढं यायचे, ओठानं लोटले तर मागं जायचे.

"काढून ठेवा," मालन म्हणाली.

तेवढ्यात दारात देवळातला रघू गुरव आला. "लवूदादा, चला, ढोल वाजाय लागले."

लवूनं ओठ घट्ट मिटले आणि निघाला. वाटेत कुणी रामराम केला, कुणी काही विचारलं, त्यानं नुसती मान हलवली. रघूनं मागून येणाऱ्यांना हळूच सांगितलं, "बोलवू नका. मौन धरलंय." बातमी देवळापर्यंत आधीच पोचली. लवू आत शिरला तेव्हा बायकांनी वाट सोडली आणि एका म्हातारीनं त्याच्या पायाला हात लावला.

रघूनं देवाच्या मूर्तीला पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या, म्हणजे कळे, चिकटवल्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. हाच कौल. गाऱ्हाणं घालून वाट बघायची. उजवी आधी पडली तर मान लवूचा, डावी पडली तर महिपतचा. मूर्तीच्या पायाशी तांदळाचं ताट होतं. महिपत हात जोडून पुढच्या रांगेत उभा राहिला, कान टवकारून.

"बा देवा म्हाराजा," लवूनं सुरू केलं.

"व्हय म्हाराजा!"

दात हलले. लवूनं जीभ टेकवून धरले आणि एकेक शब्द जपून, मोजून, पायरी बघून पाय टाकावा तसा टाकत गेला. आणि काय सांगू, तसं गाऱ्हाणं गावानं कधी ऐकलं नव्हतं. नेहमी धाडधाड बोलणारा माणूस आज देवाशी हळुवार बोलत होता. "सगळ्यांना... सुखासमाधानात... सांभाळ." शिट्टीचा मागमूस नाही. म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. महिपतसुद्धा चमकला. लवूला हे सगळं दिसत होतं, आणि इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटून तो तीच चूक करून बसला जी तो आयुष्यभर करत आला होता. त्यानं आवाज लावला.

"उजवा दे नायतर डावा दे, पन आज तुझ्या दारात निकाल दे म्हाराजा!"

"निकाल" बरोबर ब्रिज सुटला. तेलावरून घसरला तो बाण सुटावा तसा सुटला, देवाच्या उजव्या खांद्याला लागला आणि ताटातल्या तांदळात रुतला. त्याच्यामागून उजवी पाकळी गिरक्या घेत खाली आली.

"उजवा झाला!" रघू ओरडला. निकाल मागताना सगळा गाव डोळे मिटतो, रघूनंही मिटले होते, उघडले तेव्हा पाकळी पडलेलीच होती. ढोल सुरू झाले. लवूनं तोंड मिटलं आणि देवासमोर लोटांगण घातलं. लोटांगण कसलं, हात ताटापर्यंत पोचवायचा होता. पण बोटं तांदळाला लागायच्या आत लोकांनी त्याला उचललं. "पुरे लवूदादा, पुरे, पावला देव."

आता आमच्या गावची एक रीत आहे. कौल ज्याच्या विरुद्ध जातो त्याच्या मनात अढी राहू नये म्हणून देवापुढचा पहिला प्रसाद त्याला देतात. रघूनं ताटातून तांदूळ आणि फुलं ओंजळभर उचलली आणि महिपतच्या हातांत घातली. महिपतनं ती डोळ्यांना लावली. मग त्यानं ओंजळीत बघितलं, बराच वेळ बघितलं, नंतर लवूकडे बघितलं. लवूनं घट्ट मिटलेल्या ओठांनीच त्याला हात जोडले. महिपतनं ओंजळ रुमालात बांधली.

दिवेलागणीला तो लवूच्या पडवीत आला. रुमाल मांडीवर ठेवून बसला. मालननं पुढं ठेवलेल्या चहाकडे दोघांनीही बघितलं नाही.

"महिपत, गावात सांगायचा तर सांगून टाक," लवू वाऱ्यासकट म्हणाला. "कळा माझ्या दातानं पाडला."

"कौल झाला तो झाला. दातानं पाडला का वाऱ्यानं पाडला, देवाला नको असता तर डाव्या बाजूला गेला असता." महिपत थांबला. "मान तुझाच. माझा म्हणणा येवढाच होता का देवाला नीट ऐकू जायला पायजे. पाच दिवसांनी पालखी घरोघरी जाणार, दर घरी गाऱ्हाणा. परवा रत्नागिरीला जाऊया. मी येतो."

"तू कशाला? ते दे हिकडे."

"हा मना मिळालेला परसाद हाय," महिपतनं रुमाल खिशात घातला. "डॉक्टरणीच्याच हातात देईन."

दवाखान्यात डॉक्टर मनस्विनीनं रुमाल सोडला. तांदूळ, कुंकू, झेंडूची फुलं आणि ब्रिज.

"हे काय आहे?"

"परसाद," महिपत म्हणाला.

तिनं ब्रिज धुतला, उजेडात धरला. "आत हे पिवळं काय?"

"फणसाचा चीक," लवू पुटपुटला.

"आणि तेलाचा वास?"

"खोबरेल."

तिनं कपाटातून कार्ड काढलं, वाचलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "काका, हा मी तात्पुरता बसवला होता. आठ दिवसांनी या म्हटलं होतं, तुम्ही नऊ महिन्यांनी आलात. हे सिमेंट थोडे आठवडे धरतं, मग हळूहळू विरघळतं. खाली लाळ शिरते, आतला दात किडायला लागतो. तीनदा फोन केला मी."

महिपतनं मान हळूहळू लवूकडे वळवली. नऊ महिने "पंधरा वर्षां, पंधरा वर्षां" ऐकलेला माणूस तो.

"मुंबईला होतो," लवू म्हणाला.

डॉक्टरणीनं आरसा घालून तोंड तपासलं. ब्रिज शाबूत होता, पण आधाराचा एक दात कडेला किडला होता. "हा वाचेल. साफ करून भरते. तो नीट बरा होतोय ना बघायला तीन आठवडे थांबू, मग हाच ब्रिज पक्का बसवू. नशीबवान आहात." मग तिनं पुन्हा वाकून बघितलं. "हिरड्या मात्र अप्रतिम ठेवल्यात. काय वापरता?"

"तंगूस," लवू छाती काढून म्हणाला. तेवढ्यानंच त्याला धीर आला. "बाय, पण आमची पालखी निघते गो तीन दिवसांत. दीडशे घरां. तवर नुसता तात्पुरता बसवून दे ना."

"तात्पुरता?" डॉक्टर मनस्विनी म्हणाली. "काका, तुम्हाला यापुढं मी तात्पुरतं काहीही देणार नाही."

पालखी निघाली. पहिल्या घरी लवू नारळ हातात घेऊन पुढं झाला, तोंड उघडलं, आणि "देवा" च्या पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं. पोरं खांब शोधायला लागली. तेव्हा मागून महिपत सरकला आणि लवूच्या खांद्याआडून खणखणीत बोलायला लागला. लवूनं ओठ हलवायचे, महिपतनं बोलायचं. मान मयेकरांचा राहिला आणि शब्द देवाला पोचले. दुसऱ्या घरापासून दोघांचं असं जमलं की लांबून बघणाऱ्याला शंका येऊ नये. लवूला मनातून वाटलं, हेही काही वाईट नाही. दोघंही शेवटच्या बाकावर बसायचे तेव्हा असंच चालायचं, नाव याचं पुकारायचं आणि उत्तर त्यानं द्यायचं.

शेवटचं घर लवूचंच. मालननं पालखीची ओटी भरली, अंगणात सगळी वाडी जमली. लवू नारळ घेऊन स्वतःच्याच दारात उभा राहिला आणि ओठ हलवायला लागला.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराची भरभराट कर."

"व्हय म्हाराजा!"

"घरच्या लक्ष्मीला सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!"

इथं गाऱ्हाणं संपायचं. लवूनं ओठ मिटले. पण मागचा आवाज थांबेना.

"आनि ह्या घरच्या धन्याला, म्हाराजा, डॉक्टरणीनं आठ दिवसांनी ये म्हटला, तर आठव्या दिवशी जायची बुद्धी दे."

मग सगळ्यात आधी मालन म्हणाली, आणि तिच्यामागून दीडशे घरांची माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

देवाच्या दारात गाऱ्हाण्याला नाही म्हणता येत नाही. लवूनं हात जोडले, डोळे मिटले आणि तोही म्हणाला, वाऱ्यासकट, शिट्टीसकट, सगळ्यांच्या शेवटी.